माळ्यावरची रिळं सापडलीत? प्रोजेक्टर लावायची घाई करू नका

घरात जुनी फिल्मची रिळं सापडली की प्रत्येक जण एकच विचारतो, प्रोजेक्टर कुठंय? आमच्याकडे पण तेच झालं. अमळनेरचं जुनं घर उतरवायला काढलं तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर बिस्किटाचा एक डबा निघाला, त्यात अकरा रिळं, आणि शेजारच्या खोक्यात आप्पांचा प्रोजेक्टर. आप्पा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, साठच्या दशकात डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेले आणि येताना कॅमेरा घेऊन आले. चुलतभावाने त्याच रात्री वायर जोडली, भिंतीवर चादर लावली, दोन मिनिटं मस्त चाललं, मग रीळ अडकलं आणि चित्राच्या मधोमध तपकिरी बुडबुडा फुगत गेला. कोणीतरी बाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती, तिचा चेहरा दिसायच्या आतच तिथली फिल्म वितळली. दोन-तीनच फ्रेम गेल्या, पण नेमक्या त्याच गेल्या.

त्यानंतर मी वर्षभर या गोष्टीच्या मागे लागलो. आम्ही जे उलट्या क्रमाने शिकलो ते तुम्ही सरळ क्रमाने करा, म्हणून हे लिहितोय.

आधी हातात काय आहे ते ओळखा. लग्नाच्या काळ्या प्लास्टिकच्या व्हिडिओ कॅसेटी म्हणजे फिल्म नाही, ते वेगळं प्रकरण, त्यात शिरत नाही. फिल्म म्हणजे उजेडासमोर धरली की छोटी छोटी चित्रं दिसतात आणि कडेला भोकं असतात ती. घरगुती शूटिंगमध्ये बहुतेक वेळा ८ मिलिमीटर रुंदीची फिल्म निघते, तिचे दोन प्रकार. जुनी रेग्युलर ८, कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली. तिची भोकं मोठी आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर असतात. दुसरी सुपर ८, १९६५ ची. हिची भोकं बारीक, बरोबर चित्राच्या मध्यावर, आणि रिळाच्या मधलं भोकही मोठं. रेग्युलर ८ च्या प्रोजेक्टरमध्ये सुपर ८ घातली तर दाते भलत्याच ठिकाणी घुसतात आणि फिल्मची चाळणी होते, म्हणून हे आधी बघायचं. आमच्या अकरापैकी आठ रेग्युलर निघाली, तीन सुपर. ती तीन मामांची, सत्तरच्या दशकात अमेरिकेतून आणलेली. एखाद्याकडे १६ मिलिमीटरही निघेल. नायट्रेटची फिल्म पेट घेते वगैरे वाचून घाबरू नका, ती भानगड थिएटरच्या ३५ मिलिमीटर फिल्मची, ८ मिलिमीटर पहिल्यापासून सेफ्टी फिल्मवरच निघाली. सेफ्टी म्हणजे भडकत नाही एवढंच, दिव्यासमोर अडकली तर वितळते, ते आम्ही बघितलंच.

५० फुटांचं छोटं रीळ सगळ्यात जास्त सापडतं. रेग्युलर ८ मध्ये ते साधारण चार मिनिटं चालतं, सुपर ८ मध्ये तीन मिनिटं वीस सेकंद. एवढ्याशा वेळात लोकांनी अख्खी लग्नं बसवलीत.

खोकी, पाकिटं, चिठ्ठ्या काहीच फेकू नका. आमच्या पिवळ्या खोक्यांवर कोडॅकच्या हेमेल हेम्पस्टेडच्या लॅबचा पत्ता छापलेला होता, म्हणजे आप्पा इथं शूट करून रीळ पोस्टाने इंग्लंडला धुवायला पाठवायचे. पोस्टाचा शिक्का वाचता आला तर तारीख फुकटात मिळते. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला बारीक गोल, चौकोन, त्रिकोण छापलेले असतात, त्यावरून फिल्म कोणत्या साली बनली ते निघतं, तक्ते नेटवर आहेत. फक्त ती खूण वीस वर्षांनी पुन्हा येते, आणि ते साल फिल्म बनल्याचं, शूटिंगचं नाही. आमचं एक रीळ खुणेवरून १९४५ किंवा १९६५ चं निघत होतं, तर त्यात आमचे बाबा हाफ चड्डीत दिसले, मग वाद संपला.

आता डबा उघडून वास घ्या. नाक घालून जोरात नाही, लांबूनच. चायनीजच्या गाडीवर मिरची घातलेली व्हिनेगरची बाटली असते ना, तसा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागलीय. याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात. फिल्मचं प्लास्टिक असतं सेल्युलोज अ‍ॅसिटेट, ते उष्णता आणि दमटपणाने फुटतं आणि त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि ते अ‍ॅसिडच पुढची सडण अजून वाढवतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही, फक्त थंडीत ठेवून हळू करता येतं. अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटचा हिशोब असा की २१ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेत नवीन फिल्मला ही सडण सुरू व्हायला साधारण चाळीस वर्षं लागतात. आता सांगा, २१ डिग्री. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून वर, आणि लगेच जूनपासून चार महिने ओल. आमची रिळं जगली ती नशिबाने, आणि बहुतेक वर्षं ती धाब्याच्या घरात होती म्हणून. मातीचं धाबं आणि जाड भिंती, आत दुपारीसुद्धा गार. पत्रे नंतर टाकले, माळाही नंतरचा.

वास येणारी रिळं लगेच चांगल्यांपासून वेगळी करा, त्या वाफेने शेजारची रिळंही खराब होतात. गंजका डबा आधी बाहेर. घट्ट झाकणाच्या पत्र्यात अ‍ॅसिड कोंडून राहतं आणि गंज फिल्मवर पडतो. फिल्मसाठीचे हवा खेळणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे मिळतात ते उत्तम, नाही मिळाले तर ते येईपर्यंत साध्या पुठ्ठ्याच्या स्वच्छ खोक्यात ठेवा. रबरबँड नको, डांबराच्या गोळ्या तर अजिबातच नको. आणि ऊन दाखवू नका! हे मुद्दाम सांगतोय कारण आमच्या काकूने चांगल्या मनाने दोन रिळं गच्चीवर बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी वाळत घातली होती, गाद्यांना ऊन देतो तसं. वास जाईल म्हणाली. वास नाही गेला, फिल्म मात्र द्रोणासारखी वळली.

घरात ठेवायचं कुठं, तर तळमजल्यावरची आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, जमिनीपासून वीतभर वर. माळा नको, न्हाणीघराची भिंत नको, देवघरही नको कारण तिथं दिवा-उदबत्ती. जास्त वर्षं टिकवायची असेल तर फ्रीज. गंमत नाही, अर्काइव्हवालेही थंडीतच ठेवतात. पद्धत अशी की कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, रीळ झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्हींच्या मध्ये सिलिका जेलची पुडी, आणि मग फ्रीजमध्ये. पावसाळ्यात पॅक केलं तर आतली ओल आतच राहते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार ताकाच्या ग्लासावर पाणी सुटतं तसं फिल्मवर सुटतं. फ्रीज घरातल्यांना सांगून वापरा, नाहीतर कोणीतरी मटार ठेवायला जागा पाहिजे म्हणून पिशवी बाहेर काढून ठेवेल, आमच्याकडे काढलीच होती.

यानंतरची मोजणी कोणी सांगत नाही आणि तीच सगळ्यात कामाची. सडलेली फिल्म आकसते. थोडी आकसली तरी प्रोजेक्टरचे दाते भोकात नीट बसत नाहीत आणि भोकं फाटत जातात. घरच्या घरी बघायचं असं: सुताराचा स्टीलचा टेप घ्या, शिंप्याचा कापडी नको. फिल्म टेबलावर सपाट पसरा, एका भोकाच्या कडेपासून पुढं शंभर भोकं मोजा आणि शंभराव्याच्या त्याच कडेपर्यंत अंतर घ्या, सुरुवातीचं भोक शून्य धरून. रेग्युलर ८ ला ते ३८.१ सेंटिमीटर यायला पाहिजे, सुपर ८ ला ४२.३. रेग्युलर ३७.८ किंवा सुपर ४२ पर्यंत खाली आली तर ती फिल्म प्रोजेक्टरवर चढवायचीच नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. मोजताना चुकतंच, म्हणून दोन-तीन ठिकाणी करा, रिळाच्या बाहेरच्या टोकाला आणि आतल्या बाजूला वेगवेगळं येऊ शकतं. आमची तीन रिळं यात नापास झाली आणि जळालेलं रीळ त्यातलंच होतं. आधी मोजलं असतं तर, असो.

चित्रं बघायला प्रोजेक्टर लागतच नाही. मोबाईलचा टॉर्च, त्यावर पांढरा दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा किंवा नुसता पांढरा कागद, आणि घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग. हाताने हळू सरकवत बघा. हातात सुती मोजे, फिल्म कायम कडेने धरायची. चकाकणारी बाजू प्लास्टिकची, मंद दिसणारी बाजू चित्राची, तिला बोट लावायचं नाही. जुने हाताने फिरवायचे एडिटर-व्ह्यूअर असतात, छोटा पडदा आणि दोन हँडल, भंगार बाजारात किंवा एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओच्या कपाटात मिळाला तर सोडू नका. विचारून बघायला लाज कसली, आपल्या भागात फोटोग्राफीचं वेड जुनंच, चाळीसगावात केकी मूससारखा माणूस १९८९ पर्यंत एका घरात बसून जगाला दाखवण्यासारखं काम करत होता.

रंग बघून पण बरंच कळतं. आप्पांची कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, साठ वर्षांनीही अशी की लुगड्याचा हिरवा रंग काल शूट केल्यासारखा. कोडाक्रोम अंधारात खूप टिकते पण प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र लवकर उडते, म्हणजे जेवढी चालवाल तेवढी खर्च. इतर कंपन्यांच्या काही फिल्म गुलाबी पडतात, निळा-हिरवा आधी उडून जातो, ते स्कॅननंतर कॉम्प्युटरवर थोडंफार ओढून आणता येतं. एखादी सुपर ८ कार्ट्रिज न धुतलेली सापडली, तर ती उघडू नका, आणि विमानतळावरच्या एक्स-रेमधून नेऊ नका. धुतलेल्या फिल्मला एक्स-रेने काही होत नाही. न धुतलेली कोडाक्रोम असेल तर रंगाची आशा सोडा, जगातल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या शेवटी काम बंद केलं, आता फार तर काळं-पांढरं निघेल.

साफसफाई कमीत कमी. मऊ ब्रशने धूळ झटका, मग न सुटणाऱ्या धाग्याच्या कपड्याच्या घडीतून, मायक्रोफायबर चालतो, फिल्म हळूहळू ओढा, दर दोन-तीन फुटांनी कपड्याची जागा बदला. पाणी नाही, कॉलिन नाही, देवाची तांब्याची भांडी घासायचं काहीही नाही. चित्राचा थर जिलेटिनचा असतो, पाण्याने फुगतो, आणि बुरशी लागली असेल तर सरळ विरघळून येतो. तेलकट डाग असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, आधी टोकाच्या कोऱ्या तुकड्यावर बघून. कडेला तपकिरी पट्टी असेल तर ती आवाजाची चुंबकीय पट्टी, सुपर ८ ला १९७३ पासून आवाज आला, तिथं अल्कोहोलही नको. आणि पट्टीवाल्या फिल्मचा वास आधी तपासा, त्या पट्टीतल्या लोहामुळे सडण अजून जोरात होते.

तुटलेल्या जागी सेलोटेप लावलाय का बघा, आमच्याकडे चार ठिकाणी होता. त्याचा गोंद वितळून पुढच्या वेढ्याला चिकटतो. फिल्म जोडायचा स्प्लायसिंग टेप वेगळा येतो, भोकं पाडलेला, त्यासाठी छोटं स्प्लायसर लागतं. टोकाला पाच-सहा फूट पांढरा लीडर, म्हणजे चित्र नसलेली कोरी पट्टी, जोडा, मशीनमध्ये अडकलं तर तो अडकतो, आजी नाही.

मग स्कॅनिंग. माझं ठाम मत, आधी स्कॅन आणि नंतर हौस म्हणून प्रोजेक्टर, ते पण मोजणीत पास झालेल्या रिळांवरच. तीन रस्ते आहेत.

स्वस्त रस्ता म्हणजे भिंतीवर चालवून मोबाईलने शूट करणं. चित्र लुकलुकतं कारण प्रोजेक्टरचा पंखा, म्हणजे दिव्यासमोर फिरणारं शटर, उजेड कापत असतो. पण एक युक्ती आहे. तीन पात्यांच्या पंख्याचा प्रोजेक्टर सेकंदाला १६⅔ फ्रेमने चालवला तर भिंतीवर सेकंदाला बरोबर ५० झगमगाट होतात, मग मोबाईल प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवला की लुकलुक जवळपास जाते. वेगाचं बटण हळूहळू फिरवून मोबाईलच्या पडद्यावर बघत जमवायचं. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लॉक करा. अमेरिकेतून आलेला प्रोजेक्टर असेल तर ११० व्होल्टचा असतो, थेट लावला तर धूर, ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आणि त्यानेही त्यांच्या ६० हर्ट्झच्या मोटरी आपल्या ५० हर्ट्झवर हळू चालतात. कुठलाही जुना प्रोजेक्टर आधी फिल्मशिवाय दहा मिनिटं चालवा. रबरी पट्टा वितळून गुळाच्या पाकासारखा झालेला असतो, तो बदला. फिल्मचा रस्ता कापसाने पुसा. मग एखादी बिनकामाची फिल्म घालून बघा, मगच घरची. चालू असताना एक माणूस बटणापाशीच बसलेला पाहिजे, चहा घ्यायला उठायचं नाही. आमच्याकडे सगळे भिंतीकडे बघत होते, मशीनकडे कोणीच नाही.

दुसरा रस्ता, घरगुती रीळ स्कॅन करायचं छोटं मशीन. एक एक फ्रेम थांबवून फोटो काढतं, साधारण सेकंदाला दोन. म्हणजे सुपर ८ च्या ५० फुटांत ३६०० फ्रेम, अर्धा तास धरून चाला, आणि लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टर भरून ठेवा. दिवा गार असल्याने जाळत नाही हा मोठा फायदा. पण चित्र जरा घासल्यासारखं, चिरलेलं येतं आणि फाईल बऱ्याचदा २० फ्रेमची बनते, त्यामुळे सगळे लोक लगबगीत चालताना दिसतात. रेग्युलर ८ बहुतेक १६ फ्रेमला शूट केलेली असते आणि सुपर ८ १८ ला. एडिटिंगमध्ये ते बदला, किंवा नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये स्पीड ०.८ किंवा ०.९ करा, लोक लगेच माणसांसारखे चालतात. आकसलेली फिल्म या मशीनलाही देऊ नका, यातही भोकात जाणारी नखी असते.

तिसरा, चांगली लॅब. त्यांच्याकडे दात्यांशिवाय, नुसत्या रोलरवर फिल्म ओढणारे स्कॅनर असतात, आकसलेली, वळलेली फिल्म तिथंच द्यायची. मुंबई-पुण्याला जावं लागतं. देण्याआधी हे विचारा: फ्रेम फ्रेम स्कॅन करता की भिंतीवरून शूट? फ्रेमच्या कडा कापता का? मूळ फाईल देता की फक्त पेनड्राइव्हवर दाबलेली एमपीफोर? रिळं परत देता ना? आम्ही आधी जवळच्याच एका दुकानात एक रीळ दिलं, त्याने भिंतीवरून शूट करून वर सनईचं संगीत आणि गुलाबाच्या पाकळ्या टाकून दिल्या, अंत्ययात्रेच्या सीनवर पण. लॅबकडून प्रोरेस नाहीतर एफएफव्हीवनसारखी जड फाईल मागा, मोबाईलवर बघायला हलकी प्रत आपण नंतर बनवू शकतो, उलटं होत नाही. रिळं नेताना गाडीच्या डिकीत नको, मे महिन्यात तर नाहीच. बॅग मांडीवर.

फाईल आल्या की तीन प्रती, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावाला. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की चित्र दाबून निघतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि स्कॅन झालं म्हणून रिळं टाकून देऊ नका, डिस्क पाच-सात वर्षांत बसते आणि दहा वर्षांनी आजच्यापेक्षा चांगला स्कॅनर येणारच आहे.

राहिलं बघणं. या फिल्मांना आवाज नाही, आणि त्यात कोण आहे हे सांगणारी माणसं फिल्मपेक्षा लवकर संपतात. त्यामुळे लहान पोरांना दाखवायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्यांना दाखवा, आणि दुसरा मोबाईल त्यांच्या मांडीजवळ आवाज रेकॉर्ड करायला चालू ठेवा. आधीपासून लावून ठेवा, दाखवत फिरू नका, नाहीतर शुद्ध भाषेत भाषण सुरू करतात. एका वेळी दोन रिळं, जास्त नाही. पॉज करत बघा, स्कॅन असल्याचा हाच फायदा, प्रोजेक्टरवर थांबवलं की जळतं. कोण, कुठं, काय एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बसलो, माहेरवाशिणी आलेल्या असतात, एकदम सगळ्या सापडतात. बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा होती, त्यात आप्पांनी माणसांपेक्षा बैलच जास्त शूट केलेत. मग कडुनिंबाला बांधलेला आखाजीचा झोका आला, मुकाच, आणि आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्याने झोक्यावरच्या बाईचे ओठ बघून तेच गाणं म्हणायला सुरुवात केली, शेजारच्या दोघी तिच्या मागे. ते रेकॉर्डिंग आता त्या फाईलला जोडून ठेवलंय.

जळालेलं रीळ लॅबने वाचवलं, फक्त मधल्या त्या फ्रेम सोडून. हंडा घेऊन येणारी बाई दिसली, चेहरा यायच्या आत पांढरा डाग, आणि पुन्हा पाठमोरी. मी पॉज करून विचारलं, ही कोण असेल. आत्याने चष्मा पण नीट केला नाही. "हाई मनी माय शे," म्हणाली, "देख ना, डावा हात कशी धरस." खोक्यावर आता तेवढंच लिहिलंय, आजीचं नाव, आखाजी, अमळनेर, आणि सालापुढं प्रश्नचिन्ह.